अडीचशे डॉलरची जमीन

लॉस एंजेलिस शहराच्या मध्यभागात स्प्रिंग स्ट्रीट आणि ब्रॉडवे हे दोन रस्ते समांतर जातात. तिसऱ्या आणि चौथ्या रस्त्यांच्या दरम्यान, या दोघांच्या मधल्या पट्ट्यात आज दुकाने, कार्यालये आणि वाहनतळाची बहुमजली इमारत आहे. १८६६ साली मात्र गाव येथवर येता येता संपत असे. पुढे पाण्याचा पाट, मळे आणि मोकळी जमीन होती. त्या वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात येथील दोन भूखंडांचे खरेदीखत झाले. किंमत होती २५० डॉलर. जमीन घेणाऱ्या बाई ४८ वर्षांच्या होत्या आणि सुईणपण करून पोट भरत होत्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. दहा वर्षांपूर्वीपर्यंत त्यांची स्वतःचीच गणना दुसऱ्या एका माणसाच्या मालमत्तेत होत होती. त्यांचे नाव ब्रिजेट मेसन. लोक त्यांना बिड्डी या नावाने ओळखत.

घरे आणि भूखंड यांच्या व्यवहारातून शून्यातून वैभव उभे करणाऱ्या माणसांच्या ज्या कथा अमेरिकेत सांगितल्या जातात, त्यांत बिड्डी मेसन यांचे नाव हटकून येते. कथा बहुधा दोन आकड्यांत सांगून संपवली जाते. सुरुवातीला २५० डॉलर आणि अखेरीस सुमारे ३ लाख डॉलर. या दोन आकड्यांच्या मध्ये पंचवीस वर्षे आहेत आणि पहिल्या आकड्याच्या मागे आणखी अठ्ठेचाळीस. जमिनीचा भाव कसा वाढला हे त्यातून कळतेच, पण जमीन घेण्याचा अधिकार माणसाच्या हाती कसा येतो, हेही कळते.

त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १८१८ रोजी जॉर्जिया राज्यात झाला असे मानले जाते. गुलामांच्या जन्माच्या नोंदी मालकाच्या हिशेबवहीत असत, त्याही त्याला वाटले तर. आडनाव तर नव्हतेच. मेसन हे नाव त्यांनी स्वतंत्र झाल्यावर धारण केले. गुलामांना अक्षरओळख करून देणे हा दक्षिणेकडील अनेक राज्यांत गुन्हा मानला जाई, त्यामुळे शाळेचा प्रश्नच उद्भवत नव्हता. शिक्षण म्हणावे असे जे त्यांच्या वाट्याला आले, ते गुलाम वस्तीतील वडीलधाऱ्या स्त्रियांकडून. झाडपाल्याची औषधे, रोग्याची शुश्रूषा आणि बाळंतपण या तीन गोष्टी त्या शिकल्या. पुढे त्या मिसिसिपी राज्यातील रॉबर्ट स्मिथ नावाच्या शेतमालकाच्या ताब्यात गेल्या. तेथे त्यांना एलन, अ‍ॅन आणि हॅरिएट या तीन मुली झाल्या. त्या काळच्या कायद्यानुसार आई गुलाम असेल तर मूलही गुलाम ठरे. म्हणजे या तीन मुलींनी स्मिथच्या मालमत्तेत भरच घातली होती.

स्मिथने मॉर्मन पंथ स्वीकारला आणि १८४८ साली आपले कुटुंब, गुरेढोरे आणि गुलाम घेऊन तो पश्चिमेकडे निघाला. मिसिसिपीपासून आजच्या युटा राज्यातील सॉल्ट लेकच्या खोऱ्यापर्यंतचा हा प्रवास सुमारे १,७०० मैलांचा, म्हणजे २,७०० किलोमीटरहून अधिक होता. गाड्या मालकांच्या होत्या. बिड्डी त्या गाड्यांच्या मागून जनावरे हाकत चालत गेल्या. मुक्कामाला पोचल्यावर स्वयंपाक, वाटेत कोणी अडली तर बाळंतपण, आणि या सगळ्यात कडेवर तान्ही हॅरिएट. तीन वर्षांनी, १८५१ मध्ये, स्मिथने पुन्हा बिऱ्हाड हलवले आणि दक्षिण कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथील मॉर्मन वसाहतीत तो येऊन राहिला.

येथे एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही, किंवा लक्षात येऊनही त्याने ती मनावर घेतली नाही. कॅलिफोर्निया १८५० साली अमेरिकेच्या संघराज्यात सामील झाले ते गुलामगिरीला मज्जाव करणारी राज्यघटना घेऊनच. कायद्याच्या पुस्तकात पाहिले तर बिड्डी तेथे पाऊल ठेवल्यावर फार काळ गुलाम राहू शकत नव्हत्या. व्यवहारात त्या पुढची जवळजवळ पाच वर्षे स्मिथच्या घरी राबत राहिल्या. आपल्या बाजूने कायदा आहे हे ज्याला कोणी सांगितलेले नाही, त्याच्यासाठी तो कायदा नसल्यासारखाच असतो. बिड्डींना ते सांगणारी माणसे भेटली, ती लॉस एंजेलिसमधील स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंबांत. रॉबर्ट ओवेन्स हे त्यांतले प्रमुख. घोड्यांचा व्यापार करणारे, पदरी माणसे बाळगणारे आणि गावात वजन असलेले गृहस्थ. त्यांचा मुलगा चार्ल्स आणि बिड्डींची थोरली मुलगी एलन यांचे एकमेकांवर मन जडले होते, हेही या प्रकरणातील एक कारण होते.

१८५५ च्या अखेरीस स्मिथने टेक्सासला जाण्याची तयारी चालवली. टेक्सास हे गुलामगिरी मान्य असलेले राज्य. तेथे एकदा पोचल्यावर सुटकेचा मार्ग बंद होणार होता. निघण्यापूर्वी त्याने सांता मोनिकाच्या डोंगरातील एका दरीत तळ दिला. सोबत बिड्डी, त्यांच्या मुली, हॅना नावाची दुसरी एक गुलाम स्त्री आणि तिची मुलेबाळे मिळून चौदा जण होते. ओवेन्स पितापुत्रांनी अधिकाऱ्यांना खबर दिली. न्यायालयाचा हुकूम घेऊन शेरीफची माणसे दरीत गेली आणि या चौदा जणांना संरक्षणाखाली शहरात घेऊन आली.

जानेवारी १८५६ मध्ये जिल्हा न्यायाधीश बेंजामिन हेज यांच्यापुढे प्रकरण उभे राहिले. स्मिथचा बचाव असा की, ही सारी मंडळी आपल्या कुटुंबासारखी आहेत आणि स्वखुशीने टेक्सासला येत आहेत. ते खरे की खोटे, हे ज्यांना ठाऊक होते त्यांना न्यायालयात बोलण्याची मुभाच नव्हती. गोऱ्या माणसाविरुद्ध कृष्णवर्णीयाची साक्ष कॅलिफोर्नियाच्या तेव्हाच्या कायद्याने ग्राह्य धरली जात नसे. त्यातच बिड्डींच्या बाजूने उभ्या असलेल्या वकिलाला १०० डॉलर देऊन आणि धमकावून प्रकरणातून बाजूला करण्यात आले. हेज यांनी यावर तोड काढली. त्यांनी बिड्डी, हॅना आणि मोठ्या मुलींना आपल्या दालनात बोलावून, साक्षीला प्रतिष्ठित गृहस्थ बसवून, त्यांच्याशी खासगीत बोलणे केले. बिड्डींनी सांगितले की आपण आजवर सांगितले ते करत आलो, पण टेक्सासच्या या प्रवासाची आपल्याला पहिल्यापासून धास्ती वाटते. हॅनाला धड बोलवेना. तिच्या अडखळण्यातून न्यायाधीशांना जे समजायचे ते समजले. पुढच्या तारखेला स्मिथ हजरच झाला नाही. हेज यांनी चौदाही जण स्वतंत्र असल्याचा निर्णय दिला आणि दाव्याचा खर्च स्मिथवर बसवला. पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात नेमकी उलटी दिशा धरली आणि कृष्णवर्णीयांना नागरिकत्वच नाकारले. हेज यांच्यापुढचे प्रकरण वर्षभर लांबले असते तर काय झाले असते, याचा विचार अस्वस्थ करणारा आहे.

स्वतंत्र झाल्या त्या दिवशी बिड्डी ३७ वर्षांच्या होत्या. हाती पैसा नाही, घर नाही, तीन मुली सोबत. ओवेन्स कुटुंबाने त्यांना आसरा दिला. एलन पुढे चार्ल्सची पत्नी झाली. बिड्डींजवळ विकण्याजोगे एकच होते, ते म्हणजे लहानपणी शिकलेले सुईणपण. डॉ. जॉन ग्रिफिन यांनी त्यांना परिचारिका आणि सुईण म्हणून कामावर घेतले. रोज दिवसाला अडीच डॉलर. एका कृष्णवर्णीय स्त्रीसाठी त्या काळी ही चांगली मजुरी होती. गावातल्या श्रीमंत घरांतून आणि झोपडीतूनही त्यांना बोलावणे येई. त्यांनी शेकडो बाळंतपणे केली. त्या काळी लॉस एंजेलिस अर्धे स्पॅनिश बोलणारे गाव होते. बिड्डी ती भाषा बोलायला शिकल्या. देवीची साथ आली तेव्हा जिवाची पर्वा न करता त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली. सरकारी रुग्णालय आणि तुरुंगातही त्यांची ये-जा असे.

या कामातून त्यांना मजुरीखेरीज आणखी एक गोष्ट मिळत होती, तिची नोंद कोणत्याही हिशेबात सापडत नाही. सुईण घराघरांत जाते. कोणाचे बरे चालले आहे, कोण कर्जात बुडाला आहे, कोण जागा विकायला काढतो आहे, शहर कोणत्या अंगाने वाढते आहे, हे तिला आपसूक कळते. ज्यांच्याकडे त्या काम करत ते डॉ. ग्रिफिन स्वतः शहराच्या पूर्वेकडे जमिनी घेत होते आणि पुढे त्यांनी तेथे नवी वसाहत आखली. व्याही असलेल्या ओवेन्स कुटुंबानेही जागा घेऊन ठेवल्या होत्या. जमीन हा पैसा राखण्याचा मार्ग आहे, हे बिड्डींच्या भोवतालची माणसे कृतीने सांगत होती.

आता त्या २५० डॉलरचा हिशेब पाहू. दिवसाला अडीच डॉलर या दराने ही शंभर दिवसांची मजुरी होते. शंभर दिवसांच्या मजुरीत शहराला लागून दोन भूखंड, हे वाचून आजच्या महानगरातील कोणाही नोकरदाराला हेवा वाटेल. तरीही ती रक्कम साठवायला बिड्डींना दहा वर्षे लागली. तीन मुलींचे पोट, राहत्या जागेचे भाडे, आजारपण आणि काम नसलेले दिवस यांतून जे उरे ते बाजूला पडे. जमीन स्वस्त असण्यालाही कारण होते. १८६१-६२ च्या हिवाळ्यात दक्षिण कॅलिफोर्नियात प्रचंड महापूर आला आणि त्यापाठोपाठ १८६३-६४ चा दुष्काळ. हजारो गुरे तडफडून मेली. गुरांच्या जिवावर उभे असलेले मोठमोठे जमीनदार कर्जापायी बुडाले. गावाची वाढ खुंटली. १८६० साली लॉस एंजेलिसची लोकसंख्या ४,३८५ होती, ती १८७० पर्यंत जेमतेम ५,७२८ झाली. अशा गावाच्या कडेची जागा घ्यायला तेव्हा कोणी रांग लावत नव्हते.

जागा स्वस्त होती, एवढ्याने काम भागत नव्हते. जमीन विकत घेणे एक आणि ती आपल्याकडे राखणे दुसरे. उद्या एखाद्या गोऱ्या शेजाऱ्याने हद्दीवरून वाद उकरून काढला किंवा खरेदीखतच खोटे ठरवले, तर न्यायालयात उभे राहून बोलता आले पाहिजे. बिड्डींना १८५६ मध्ये ते करता आले नव्हते. न्यायाधीशांच्या दालनात बोलता आले, ते एका भल्या माणसाच्या युक्तीमुळे. कॅलिफोर्नियाने कृष्णवर्णीयांच्या साक्षीवरील बंदी १८६३ मध्ये उठवली. डिसेंबर १८६५ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेतील तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी देशभर संपवली. एप्रिल १८६६ मध्ये संमत झालेल्या नागरी हक्क कायद्याने मालमत्ता घेण्याचा, बाळगण्याचा आणि विकण्याचा गोऱ्या नागरिकांइतकाच हक्क सर्व नागरिकांना दिला. बिड्डींचे खरेदीखत त्यानंतर सात महिन्यांनी झाले आहे. त्यांनी कायद्यांच्या या तारखा मोजून पाऊल उचलले असे म्हणायला पुरावा नाही. परंतु १८६० साली त्यांनी हेज यांच्या निकालाची प्रमाणित प्रत मिळवून जपून ठेवली होती, हे नोंदले गेले आहे. ज्या बाईला अक्षर वाचता येत नव्हते, तिला कागदाची किंमत मात्र पुरती उमगली होती. सातबाऱ्यावर नाव चढवण्यासाठी तलाठ्याच्या कार्यालयात खेटे घातलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

घेतलेली जागा कशी होती, याचे वर्णन पुढच्या पिढ्यांनी सांगून ठेवले आहे. जागेवर पाण्याचा पाट होता आणि भोवती विलोच्या झाडांचे कुंपण. ही आपली कायमची वास्तू आहे आणि काहीही झाले तरी ती सोडायची नाही, असे त्यांनी मुलींना बजावले होते. मालकाने बिऱ्हाड हलवले की जनावरांमागून चालत निघायचे, असे अर्धे आयुष्य काढलेल्या बाईच्या तोंडी हे बोलणे आहे. लॉस एंजेलिसमध्ये स्वतःच्या नावावर जमीन असलेल्या पहिल्या काही कृष्णवर्णीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

जागा घेतली म्हणून त्यांनी काम सोडले नाही. भाड्याने देता येतील अशी लहान लाकडी घरे त्यांनी तेथे बांधली. सुईणपणाची मिळकत आणि घरभाडे, असे उत्पन्नाचे दोन ओघ सुरू झाले. घरांच्या गुंतवणुकीत नव्याने उतरणाऱ्या माणसाची पहिली कसोटी येथेच लागते. जागेने आपल्याला पोसावे की आपण जागेला, हा तो प्रश्न. पडून राहिलेल्या भूखंडावर कर भरावाच लागतो. भाडेकरू असला तर तो कर त्याच्या पैशातून निघतो आणि मालकाला थांबण्याची सवड मिळते. बिड्डी अठरा वर्षे थांबल्या.

या काळात शहर बदलत होते. १८७६ मध्ये सदर्न पॅसिफिक रेल्वेने लॉस एंजेलिस सॅन फ्रान्सिस्कोशी आणि तेथून उर्वरित देशाशी जोडले गेले. १८८० मध्ये लोकसंख्या ११,१८३ झाली. गाव दक्षिणेकडे सरकत होते आणि दुकाने, पेढ्या, कचेऱ्या स्प्रिंग स्ट्रीटच्या रोखाने येत होत्या. एके काळी जी गावाची कड होती ती आता बाजारपेठ होऊ लागली. १८८४ मध्ये बिड्डींनी आपल्या जमिनीचा ४० फुटांचा तुकडा १,५०० डॉलरला विकला. दोन्ही भूखंड मिळून जी किंमत मोजली होती, तिच्या सहापट पैसा एका पट्टीतून उभा राहिला. उरलेल्या जागेवर त्यांनी दुमजली इमारत बांधली. खालच्या मजल्यावर व्यापाऱ्यांना भाड्याने द्यायचे गाळे आणि वर स्वतःचे घर. खाली दुकान, वर मालक, ही रचना भारतातल्या कोणत्याही जुन्या पेठेत पाहायला मिळते. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या त्या वाढत्या गावातही ती तितकीच किफायतशीर ठरली.

त्यांनी घाई केली असे नंतरच्या काळाकडे पाहून म्हणता येईल. कारण विक्रीनंतर दोन-तीन वर्षांतच लॉस एंजेलिसमध्ये जमिनीची अभूतपूर्व तेजी आली. सांता फे ही दुसरी रेल्वे शहरात पोचली आणि दोन कंपन्यांत दरयुद्ध पेटले. मार्च १८८७ मध्ये तर मिसूरी नदीच्या परिसरातून कॅलिफोर्नियापर्यंतचे भाडे काही काळ एका डॉलरवर आले होते. माणसांचे लोंढे आले. त्यांच्यामागून दलाल आले, बँड वाजवत भूखंडांचे लिलाव होऊ लागले, सकाळी घेतलेला भूखंड संध्याकाळी चढ्या भावाने विकला जाऊ लागला. न बांधलेल्या गावांचे नकाशे छापून प्लॉट खपवण्यात आले. त्यांतील कित्येक गावे पुढे नकाशावरूनही पुसली गेली. १८८८ मध्ये फुगा फुटला. कर्जाने जागा घेऊन झटपट विकण्याच्या बेतात असलेले लोक हातात कागद घेऊन बसून राहिले. घर घ्यायचे, रंगरंगोटी करायची आणि नफ्याने पुढे ढकलायचे, या आजच्या व्यवसायातील धोका त्या वेळच्या सटोडियांनी पुरेपूर भोगला. गिऱ्हाईक मिळेल हे गृहीत धरून घेतलेल्या मालमत्तेला गिऱ्हाईकच उरले नाही. बिड्डींच्या गाळ्यांना मात्र भाडेकरू हवे होते, गिऱ्हाईक नव्हे. मंदीतही माणसे दुकान मांडतात. आणि शहर काही रिकामे झाले नाही. १८९० च्या जनगणनेत ५०,३९५ लोक मोजले गेले. पुढे याच स्प्रिंग स्ट्रीटवर बँका आणि शेअर बाजाराच्या इमारती उभ्या राहिल्या आणि तो पश्चिमेचा वॉल स्ट्रीट म्हणून ओळखला जाऊ लागला.

पैसा आल्यावर त्यांनी तो कोठे घातला, याच्या नोंदीही ठसठशीत आहेत. १८७२ मध्ये लॉस एंजेलिसमधील पहिल्या आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चची स्थापना त्यांच्या घरी झाली. सुरुवातीच्या वर्षांत त्या चर्चचा कर आणि धर्मोपदेशकाचा पगार त्याच भरत. त्या तुरुंगात जाऊन कैद्यांची विचारपूस करत. १८८४ च्या आरंभी शहरात पूर आला तेव्हा त्यांनी चौथ्या रस्त्यावरील एका किराणा दुकानदाराला सांगून ठेवले होते की, घर वाहून गेलेले कोणीही आले तरी त्याला लागेल तो शिधा द्यावा आणि हिशेब आपल्या नावावर मांडावा. त्यात गोरा-काळा असा भेद नव्हता. याच वर्षी त्यांची जागा विकली गेली आणि इमारतही याच वर्षीची, म्हणजे हा शिधा काही शिलकीतल्या पैशातून दिलेला नव्हता. ३३१, साउथ स्प्रिंग स्ट्रीट या पत्त्यावर मदत मागणाऱ्यांची रांग लागलेली असे. उतारवयात प्रकृती साथ देईना, तेव्हा दारावरच्या लोकांना परत पाठवण्याची वेळ घरच्यांवर आली.

१८८५ मध्ये त्यांनी उरलेल्या जागेचा एक भाग नातवांच्या नावे करून दिला. दस्तात मोबदला म्हणून लिहिले होते ते आजीचे प्रेम, जिव्हाळा आणि दहा डॉलर. त्याखाली त्यांनी नेहमीसारखी वळणदार फुली काढून सही केली. नातवांनी, रॉबर्ट आणि हेन्री ओवेन्स यांनी, भाड्याच्या घोडागाड्यांचा तबेला चालवला. यांतला रॉबर्ट करी ओवेन्स पुढे जमिनीच्या व्यवहारांत आणि राजकारणात नावारूपाला आला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरातील सर्वांत श्रीमंत कृष्णवर्णीयांत गणला जाऊ लागला. ३ लाख डॉलर हा जो आकडा बिड्डींच्या संपत्तीबद्दल सांगितला जातो, तो प्रामुख्याने या जमिनींच्या किमतीतून उभा राहिलेला आहे.

१५ जानेवारी १८९१ रोजी बिड्डी मेसन यांचे निधन झाले. बॉइल हाइट्स भागातील एव्हरग्रीन दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. शहरात एवढी मालमत्ता असलेल्या या बाईच्या थडग्यावर जवळजवळ शंभर वर्षे नावाचा दगड नव्हता. स्प्रिंग स्ट्रीटवरची त्यांची इमारतही काळाच्या ओघात गेली. १९८८ च्या मार्चमध्ये महापौर टॉम ब्रॅडली आणि त्यांच्याच घरी स्थापन झालेल्या चर्चचे सुमारे तीन हजार लोक दफनभूमीत जमले आणि थडग्यावर शिळा बसवण्यात आली. ब्रॅडली हे लॉस एंजेलिसचे पहिले कृष्णवर्णीय महापौर.

त्यानंतरच्या वर्षी, नोव्हेंबर १९८९ मध्ये, त्यांच्या जुन्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीमागील बोळात ८१ फूट लांबीची काँक्रीटची भिंत उभारण्यात आली. शीला लेव्रांट द ब्रेतव्हिल या कलावतीने ती घडवली आहे. भिंतीवर दशका-दशकाने बिड्डींचे आयुष्य आणि त्याच्या जोडीने शहराची वाढ मांडली आहे. गाडीची चाके, सुईणीची पिशवी, कात्री, कुंपण यांचे ठसे काँक्रीटमध्ये उमटवले आहेत. त्यांच्यामध्ये दोन कागदांच्या प्रतिमाही आहेत. एक हेज यांच्या न्यायालयाने दिलेला स्वातंत्र्याचा दाखला आणि दुसरे जमिनीचे खरेदीखत. दुपारच्या सुटीत आसपासच्या कचेऱ्यांतली माणसे डबा घेऊन तेथे येऊन बसतात.